एक कुपी, दोन नाके

सुगंधाविषयी लिहिताना 'आम्ही' हे सर्वनाम वापरणे तसे धाडसाचेच. एका चित्रासमोर दोघे उभे राहू शकतात, एक गाणे दहाजण ऐकू शकतात आणि आपण तेच पाहिले-ऐकले असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतात. वास मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. तरीही हा लेख आम्ही दोघे मिळून लिहितो आहोत, कारण ज्या सुगंधाविषयी तो आहे त्याची आमच्या घरात एकच कुपी आहे आणि ती दोघांची आहे. सर्ज ल्यूतांस या फ्रेंच सुगंधघराने २००६ साली आणलेला, ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी रचलेला 'ग्री क्लेर'. २०१८ साली एका नातेवाइकाने पॅरिसहून तो आणला तेव्हा 'कुणासाठी?' या प्रश्नावर तो म्हणाला, 'दोघांसाठी. तसाच आहे तो.'

नावाचा अर्थ फिकट राखाडी. लॅव्हेंडर म्हटले की डोळ्यांसमोर जांभळ्या फुलांच्या रांगा येतात. इथे नावातूनच तो जांभळा रंग पुसून टाकला आहे. मनगटावर फवारा मारल्यावर पहिली दहाएक मिनिटे लॅव्हेंडरच असते, पण ते पावडरच्या डब्यातले गोडसर लॅव्हेंडर नव्हे. टोकदार, हिरवट, किंचित कापराकडे झुकणारे, देठासकट चुरगळल्यासारखे. मग फूल हळूहळू वाळत जाते आणि त्याच्या जागी एक कोरडी, गरम अशी काहीतरी चाहूल येते. पाणी शिंपडलेल्या सुती कापडावर गरम इस्त्री टेकवावी तशी. या सुगंधाचे वर्णन करताना अनेकांना इस्त्री आठवलेली आहे. आम्हाला आठवते ती कोळशाची इस्त्री, कारण त्या वाफेमागोमाग थोडी राख आणि थोडा ऊदही येतो. अखेरीस टोंका बी आणि अंबर यांचा मंद गोडवा उरतो. कातडीवर तो संध्याकाळपर्यंत टिकतो. सुती सदऱ्याच्या किंवा साडीच्या घडीत दुसऱ्या दिवशीही सापडतो.

हे असे का होते, याचे उत्तर साधे आहे. लॅव्हेंडरच्या तेलात प्रामुख्याने लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही द्रव्ये असतात आणि ती लवकर उडून जाणारी आहेत. म्हणून लॅव्हेंडरला टिकवायचे तर त्याच्याखाली जड, सावकाश उडणारे काहीतरी अंथरावे लागते. जाता जाता एक गंमत : हेच लिनालूल आपल्या धण्यांच्या तेलातही भरपूर असते. ज्या फुलाला मराठीत स्वतःचे नावही नाही, त्याच्या गंधातला एक मोठा वाटा आपल्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. धणे भाजायच्या आधी हातावर चोळून पाहावेत; ओळख पटते.

लॅव्हेंडरखाली अंथरण्याचे ते द्रव्य एकोणिसाव्या शतकात सापडले. टोंका बीमध्ये असणारे, वाळल्या गवतासारखा वास देणारे कुमारिन विल्यम पर्किन यांनी १८६८ साली प्रयोगशाळेत बनवले. पॉल पार्के यांनी १८८२ साली उबिगां या घरासाठी ते लॅव्हेंडरला जोडून 'फूझेर रोयाल' रचले. नावाचा अर्थ शाही नेचे. वास्तविक नेच्याला सांगण्याजोगा सुगंध नसतोच, म्हणजे हा वास कल्पनेतलाच. १८८९ साली एमे गेर्लँ यांच्या 'जिकी'त लॅव्हेंडर आणि व्हॅनिला एकत्र आले आणि ते अत्तर पुरुषांनीही लावले, स्त्रियांनीही. वाटणी पुढे झाली. दाढीचा साबण आणि न्हाव्याचे दुकान यांच्याशी जोडले गेलेले लॅव्हेंडर पुरुषांचे ठरले. १९३४ साली कारों या घराने काढलेल्या लॅव्हेंडरच्या अत्तराचे नावच 'पुरुषासाठी' असे आहे. कपाटातल्या चादरी, टाल्कम पावडर, आजीचे रुमाल इकडचे लॅव्हेंडर बायकांचे झाले. फूल तेच. 'ग्री क्लेर' या दोन्ही खोल्यांमधली भिंत काढतो, असे आम्हाला वाटते : चादरही आहे आणि धूरही आहे.

अर्थात आपल्याकडे ही भिंत फारशी नव्हतीच. अत्तराची वाटणी होती ती बहुधा ऋतूंनुसार. वाळा, केवडा, मोगरा उन्हाळ्यात आणि हीना थंडीत. कानात फाया ठेवणारे आजोबा आणि हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावून घेणारी आजी, दोघांसाठी अत्तरदाणी एकच. त्याच हिशेबाने पाहिले तर हा सुगंध आमच्या हवेत हिवाळ्याचा. मे महिन्याच्या घामात त्यातला गोडवा अंगावर येतो आणि फूल दोन मिनिटांत पळून जाते. डिसेंबरच्या सकाळी एकच फवारा पुरे होतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्यापैकी एकाचा वास गेला. करोना आठ-दहा दिवसांत निघून गेला, पण नाक परत आले नाही. फोडणी, पाऊस, नवे पुस्तक, सगळे काचेपलीकडे गेले. पुढे चहाला जळक्या रबराचा वास येऊ लागला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगण्याचा परिपाठ सुरू झाला. थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली बारा आठवड्यांच्या ज्या अभ्यासातून ही पद्धत मांडली, त्यातही हेच चार वास होते. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. त्या काळात खमंग, उग्र, कुबट, आंबूस, धुरकट हे शब्द घरात एकालाच अर्थपूर्ण होते, दुसऱ्यासाठी ती नुसती विशेषणे होती. कुपी कपाटात गेली. एकट्याने लावायची तर ती दोघांची कसली?

त्या डिसेंबरमध्ये एका लग्नाला जाताना ती न सांगता बाहेर काढली गेली. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून प्रश्न आला : 'अगं, इस्त्री चालू राहिलीय का?' इस्त्री सकाळपासून कपाटावर होती. उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

परत आले ते सगळे आले नाही. त्यांना आजही राख कळते, ऊद कळतो, शेवटचा गोडवा कळतो. वरचे हिरवट फूल बहुतेक वेळा कळत नाही. ते विचारतात, 'फूल आहे का अजून?' आणि तिने 'आहे' किंवा 'गेलं' म्हणायचे. म्हणून एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात सुगंधाचे जे वर्णन आहे, त्यातली पहिली दहा मिनिटे एकीची आहेत. त्यानंतरचे तास दोघांचे.