आवाज बंद करून पाहिलेली मालिका

आम्ही दोघी बहिणी. एक मराठी शिकवते, दुसरी संस्कृत. दूरचित्रवाणीवरील मालिका पाहणे हे आपल्या पेशाला फारसे शोभणारे नाही असे आम्ही महाविद्यालयात मानत आलो, आणि घरी आल्यावर आईच्या शेजारी बसून त्या नेमाने पाहत आलो. 1999 साली 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हापासूनची ही सवय. अशोक पत्कींनी स्वरबद्ध केलेले तिचे शीर्षकगीत लागले की आई पोळ्यांचा तवा उतरवून बाहेर डोकावे आणि पुन्हा आत जाई. खरे तर आईने मालिका पाहिल्या त्याहून अधिक ऐकल्या. स्वयंपाकघरापर्यंत संवाद अर्धेमुर्धे पोचत. पार्श्वसंगीत मात्र पूर्ण पोचे. कणीक मळता मळता ती म्हणे, "काहीतरी वाईट झालेलं दिसतंय गं." आणि ते तसेच असे.

पुढे आईचे ऐकणे कमी होत गेले. आधी संचाचा आवाज वाढला, मग शेजारच्या काकूंनी दोनदा येऊन सांगितले, मग कानाचे मशीन आले. मशीनने बोलण्याची सोय झाली, मालिकांची मात्र पंचाईत झाली. ते यंत्र सगळेच मोठे करी. संवादाच्या खाली, संवादाच्या वर आणि दोन संवादांच्या मध्ये जे अखंड वाजत असते त्यात बोलणे बुडून जाई. आठवडाभर आईने सोसले. मग एके संध्याकाळी तिने मशीन काढून पत्र्याच्या डबीत ठेवले आणि शांतपणे पडद्याकडे पाहत बसली. त्यानंतर तिने मालिका अशाच पाहिल्या.

त्या दिवसांतली एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. पडद्यावर घरातल्या थोरल्या सुनेला आपल्या नवऱ्याविषयी काहीतरी भयंकर कळले होते. व्हायोलिनांचा जथा, मागे कुणा स्त्रीचा शब्दहीन आलाप, मधेच ढगांचा गडगडाट. आमच्यापैकी धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. आईने तिच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "का रडतेस? त्या बाईला काही झालेलं नाही. ती नुसती बघते आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवतात, तो आम्ही मुद्दाम आवाज बंद करून पाहिला. आई म्हणत होती ते खरे होते. सून बघत होती. मग सासू बघत होती, दीर बघत होता, जाऊ बघत होती. एकेक चेहरा तीनतीनदा जवळ येत होता आणि त्यांपैकी एकावरही काही घडत नव्हते. पुढची सूचना मिळेपर्यंत थांबलेली माणसे दिसतात तशी ती दिसत होती. आदल्या रात्री जी रडली होती तिला ओशाळल्यासारखे झाले. प्रश्न असा होता की रात्री आलेले ते पाणी कुणाचे होते?

आम्ही अध्यापक असल्यामुळे लाज वाटली की पुस्तक उघडतो. या दृश्याचे निदान मम्मटाकडे सापडते. 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात रसदोषांची यादी आहे. तिच्यातला पहिला दोष शब्दवाच्यतेचा: रस, स्थायिभाव किंवा व्यभिचारिभाव यांना त्यांच्या नावानेच सांगून टाकणे. 'तिला फार शोक झाला' असे लिहिल्याने वाचकाला शोक होत नाही. विभाव-अनुभावांतून तो व्यक्त व्हावा लागतो. हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. पण नाव शब्दानेच घेतले जाते असे थोडेच आहे? सतारीचा एक ठरावीक खिन्न तुकडा हजारदा ठरावीक प्रसंगी वाजला की तो तुकडा म्हणजे 'शोक' हा शब्दच होतो. सूर व्यंजना करतो अशी आपली समजूत असते, आणि तो उघडउघड अभिधेचे काम करत असतो. याच यादीत 'पुन:पुन्हा दीप्ती' हाही दोष आहे, म्हणजे परिपोष पावलेला रस पुन्हा पुन्हा चेतवणे. मम्मटाने उदाहरण दिले आहे ते 'कुमारसंभवा'तल्या रतिविलापाचे. कालिदासालाही ज्याने सवलत दिली नाही, त्या मम्मटाने तीनदा जवळ येणाऱ्या चेहऱ्याविषयी काय म्हटले असते!

आमच्यातली संस्कृतवाली मात्र एवढ्यावर निकाल द्यायला तयार नव्हती. तिचे म्हणणे असे की संगीताने भावाला हात देणे हा मुळात दोष नव्हे. आपली नाट्यपरंपरा त्यावरच उभी आहे. भरताने हास्य-शृंगारासाठी मध्यम-पंचम सांगितले, करुणासाठी गांधार-निषाद. 'नाट्यशास्त्रा'तली ध्रुवागीते पात्रे गात नसत, गायकवृंद गाई. पात्राच्या प्रवेशाला प्रावेशिकी, निर्गमनाला नैष्क्रामिकी, चालू रस मोडून दुसरा आणायचा तर आक्षेपिकी, प्रेक्षकाचे मन निवळवायला प्रासादिकी. मालिकेत खलनायिका जिना उतरू लागली की तिची ठरलेली धून वाजते, ती प्रावेशिकीच आहे. मग भरताला मान आणि मालिकेला शिव्या, हा कुठला न्याय?

या वादाचे उत्तर ध्रुवांच्या पाचव्या प्रकारात होते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा सुचले. पाचवी ती अंतरा. नट मूर्च्छित झाला, भांबावला, त्याचे वस्त्र किंवा अलंकार सावरायचा असला, की मधली फट झाकण्यासाठी ही ध्रुवा गात. भरत तिला स्पष्टपणे दोष झाकणारी म्हणतो. म्हणजे दोषावर पांघरूण घालणारे संगीत त्यालाही ठाऊक होते. त्याने त्याला पाचातली एक जागा दिली होती. दैनंदिन मालिकेत अंतरेने उरलेल्या चारही जागा व्यापल्या आहेत.

यात संगीतकारांचा दोष काढण्यात अर्थ नाही. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा, आणि चित्रीकरण कित्येकदा प्रक्षेपणाच्या थोडेच दिवस आधी. अशा धबडग्यात प्रत्येक प्रसंग पाहून त्याच्यासाठी सूर बांधायला सवड कुठून मिळणार? त्यामुळे दु:खाचे, ताणाचे, प्रेमाचे, विनोदाचे तुकडे आधीच करून ठेवलेले असतात, शीर्षकगीताची चाल संथ करून वापरली जाते, आणि संकलनानंतर ते सारे प्रसंगावर अंथरले जाते. नटाला संवाद हाती पडून तास-दोन तास झालेले असतात. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायला वेळ मिळाला नाही ते व्हायोलिन भरून काढते. सूर खोटा नसतो. तो दुसऱ्या कुठल्या तरी दु:खासाठी बांधलेला असतो.

सूर दृश्याच्या अंगावर न बसता त्याच्या जागी उभा राहिला तर काय होते, हे सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (1955) दिसते. परगावाहून परतलेला हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातली तारशहनाई वर चढते. रडण्याचे नाव तिथे कुणी घेत नाही. आईचा आवाज काढून घेतलेला असतो आणि ती पोकळी आपल्याला सोसावी लागते. हा चित्रपट आम्ही आईबरोबर, तिने मशीन काढून ठेवल्यानंतर, पाहिला. तारशहनाई तिला ऐकू आली नसणार. तरी त्या प्रसंगी तिने आमचा हात धरला आणि चित्रपट संपेपर्यंत सोडला नाही.

तरीही मालिकांच्या संगीताविषयी तुच्छतेने बोलणे आम्ही सोडून दिले आहे. कणीक मळताना जिला पडदा दिसत नव्हता, तिच्यापर्यंत गोष्ट पोचवण्याचे काम त्याच ढोबळ सुरांनी वर्षानुवर्षे केले. घरातल्या सगळ्यांची कामे उरकता उरकता गोष्ट ऐकणाऱ्या बाईला सूक्ष्म व्यंजनेचा काय उपयोग? तिला हाकच हवी होती. मम्मटाचा सहृदय निवांत बसलेला होता. आईला निवांतपणा मिळाला तो ऐकणे गेल्यावर.

गेल्या वर्षी आई गेली. घरीच, सकाळी अकराच्या सुमारास. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो आणि आम्हाला रडू येत नव्हते. एकमेकींकडे आम्ही नुसत्या बघत होतो. नंतर कितीतरी दिवसांनी एकीने दुसरीला विचारले, "आपण कशाची वाट बघत होतो गं?" उत्तर दोघींना ठाऊक होते आणि ते उच्चारायची दोघींनाही भीती वाटली.

त्याच रात्री, आलेगेलेले निघून गेल्यावर, खोलीत कुठून तरी अगदी बारीक शिटी ऐकू येऊ लागली. शोधता शोधता उशाजवळची पत्र्याची डबी सापडली. सकाळी घाईत आईच्या कानातले मशीन काढून कुणीतरी त्यात ठेवले होते. बंद करायचे राहिले होते. बंद जागेत ते असे शिटी घालते, हे आम्हाला माहीत होते; आईला ती शिटी कधीच ऐकू येत नसे आणि आम्हीच तिला सांगत असू, "आई, मशीन वाजतंय." थोरलीच्या तोंडून ते वाक्य सवयीने बाहेर पडले. त्यानंतर आम्ही दोघी रडलो.

मशीन मात्र आम्ही लगेच बंद केले नाही.