मागचा माणूस कानाने मोजायचा

वाशिमकडच्या जंगलात पोरांना घेऊन चालताना मी सहसा मागे वळून बघत नाही. सागाचं वाळकं पान पायाखाली पापडासारखं मोडतं; कोण रेंगाळतंय, कोण थांबलंय, कोण वाट सोडून आत शिरलंय, ते आवाजावरूनच कळतं. काटेपूर्णेच्या बाजूला फाल्गुनात फुललेला पळस सोडला तर सगळं उघडंबोडकं. टेकडीचा माथा पायथ्यापासून दिसतो आणि त्याच्याकडे बघत बघत माणूस चढून जातो.

वासोटा किल्ल्याच्या वाटेवर यातलं काहीही कामी येत नाही.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याची परवानगी, मग शिवसागर जलाशयातून लाँच. कोयना अभयारण्य १९८५ सालचं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पलीकडे मेट इंदवलीच्या चौकीवर नावं लिहून घेतात, सॅकमधल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात. मारुतीपाशी ओढा ओलांडला की झाडी अंगावर येते. जांभूळ, अंजनी, हिरडा, मधूनच मांडीएवढ्या जाड वेली. याच खोऱ्यातल्या नवजाला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे १००० पडला तर सोयाबीनवाला हात जोडतो.

इथली पानं लहान, चिवट आणि खालून ओलसर. पाऊल दबतं, वाजत नाही. दहा पावलांवरचा माणूस वळणाआड गेला की असून नसल्यासारखा. म्हणून इथे नियम उलटा करतो: प्रत्येकाने पुढच्यावर नव्हे, मागच्यावर नजर ठेवायची. तो दिसेनासा झाला की थांबायचं. मग पुढचाही आपोआप थांबतो. सगळ्यात शेवटी सगळ्यात तगडा गडी, आणि सर्वांत पुढे मी नाही, तर ज्याला दम लागतो तो. तगड्या पोरांना हे अजिबात आवडत नाही. नाही आवडलं तरी चालेल.

घामाचं गणित तर आणखी वेगळं. आमची पोरं मे महिन्याच्या उन्हात क्रिकेट खेळणारी. सावलीतल्या चढाची त्यांना काय तमा? पण वाशिमच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो आणि अंग थंड होतं. इथे दाट झाडीत वारा नाही, हवा दमट. घाम अंगावरच राहतो, शर्ट पिळून निघतो आणि आतला ताप काही उतरत नाही. तहान लागण्याची वाट न बघता लिंबू-मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजावं लागतं.

आणि मग तो प्रश्न. "सर, अजून किती राह्यलं?" माथा दिसतच नाही, त्यामुळे तो दर वळणावर येतो. किलोमीटर सांगण्यात अर्थ नाही. मी पुढची खूण सांगतो: नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा. तिथे सगळे जमतात, डोकी मोजतो, मगच उजवीकडची वाट धरतो. घाईत सरळ नागेश्वरकडे निघून गेलेले भिडू हाका मारून परत आणावे लागतात, तेही या न वाजणाऱ्या रानात.

फाट्यानंतर झाडी विरळ होते, पायऱ्या लागतात, पडका दरवाजा येतो. वर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, आणि मागे बाबुकडा. समोरच्या डोंगरावर जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथेच तोफा चढवल्या आणि किल्ला पडला. या जंगलातून तोफा वर कशा ओढल्या असतील, हा विचार पोरांना इतिहासापेक्षा जास्त झोंबतो, आणि तेच बरं.

जेवायला बसतानाच मी निघायची वेळ सांगून ठेवतो. गडावर मुक्कामाला बंदी आहे, लाँचवाला अंधार पडू देत नाही आणि दमलेले गुडघे उतारावर चढाइतकाच वेळ खातात. वेळ झाली की फोटो राहिला असला तरी उठायचं. कधी वेळ फाट्यावरच संपते. तेव्हा तिथूनच फिरायचं, मग कुणी दोन दिवस बोललं नाही तरी हरकत नाही. खाली चौकीवर प्लास्टिक पुन्हा मोजतात. एखादी बाटली कमी भरली, तर ती कुणाची यावरून लाँच सुटेपर्यंत भांडण चालतं.