चुकांचा रकाना

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन करावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. नायगारा मीही पाहिला. पण सांगायचे आहे ते बोस्टनच्या एका क्रीडांगणाविषयी.

कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागली आणि मी दादाकडे गेलो. दादा बोस्टनला पंचवीस वर्षे आहे. खरे सांगायचे तर माझ्या मनात त्याच्याविषयी अढी होती. २०२० च्या मे महिन्यात आमचे नाना गेले, तेव्हा विमाने बंद होती. दादाने अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. त्याबद्दल त्याला दोष कसा देणार? पण विमाने सुरू झाल्यावरही तो दोन वर्षे फिरकला नाही, ते मात्र मला विसरता येत नव्हते. आठ दिवस आम्ही दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "चल, तुला बेसबॉल दाखवतो."

केनमोर स्टेशनावर उतरून गर्दीबरोबर चालत निघालो. फेनवे पार्क हे १९१२ साली सुरू झालेले, मोठ्या लीगमधले सर्वांत जुने मैदान. बाहेरून एखाद्या जुन्या गिरणीसारख्या लाल विटा. आतल्या अंधाऱ्या वाटेने वर आलो आणि समोर एकदम हिरवेगार गवत! लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद, की आमच्या कॉलेजची बाके त्यांच्यापुढे ऐसपैस वाटावीत. त्यात मधे एक खांब. डावीकडे मात्र सदतीस फूट उंचीची भिंत. मागे रस्ता असल्यामुळे मैदान तिकडे वाढवायला जागाच नव्हती. या भिंतीला लोक 'हिरवा राक्षस' म्हणतात. तिच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि भिंतीच्या पोटात बसलेली माणसे अजूनही हातांनी आकड्यांच्या पाट्या बदलतात.

शेंगा सोलता सोलता दादा मला खेळ शिकवू लागला. नऊ गडी, नऊ डाव, तीन बाद झाले की डाव संपला. फलंदाज जिथून निघतो त्या जागेला 'होम' म्हणतात. तीन ठाणी ओलांडून तो तिथे परत आला, तरच धाव.

"म्हणजे घरी परतल्याशिवाय धाव मोजत नाहीत तर!" मी म्हटले.

शब्द तोंडातून गेले आणि दादाचा हात शेंगांच्या पुडीत तसाच थांबला. दोन डाव आम्ही कुणीच बोललो नाही.

मग इथल्या एका खेळाडूच्या हातून चेंडू निसटला. लोक हळहळले. भिंतीवर 'ई' या अक्षराखाली आकडा बदलला.

"तो चुकांचा रकाना," दादा म्हणाला. "धावा, फटके आणि चुका. सगळे लिहितात."

मला नवल वाटले. आपल्या क्रिकेटमध्ये झेल सुटला तर प्रेक्षक शिव्या घालतील, पण धावफलकावर त्याची नोंद होत नाही.

दादाने मग बिल बकनरची गोष्ट सांगितली. १९८६ ची अंतिम मालिका, सहावा सामना, न्यूयॉर्क. धावा बरोबरीत. जमिनीवरून सरपटत आलेला साधा चेंडू बकनरच्या पायांतून निघून गेला आणि सामना गेला. पुढे सातवाही गेला. खेळ अकरा जणांचा असो की नऊ जणांचा, खापर फोडायला एकच डोके पुरते! बोस्टनने कित्येक वर्षे त्याला ती चूक ऐकवली. २००८ च्या एप्रिलमध्ये मोसमाच्या इथल्या पहिल्या सामन्याला, मानाचा पहिला चेंडू टाकायला त्यालाच बोलावले. सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे पुसत होता.

"चूक पुसली नाही रे कुणी," दादा म्हणाला. "अजून वहीत आहेच." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "विमाने सुरू झाली होती. तिकीटही काढले होते मी. पण नानांची रिकामी खुर्ची बघायचा धीर झाला नाही. रद्द केले."

मी काय बोलणार? शेंगांची पुडी त्याच्याकडे सरकवली.

परतताना गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. कडीला लोंबकळत दादाने पहिल्यांदाच विचारले, "शेवटचे दोन दिवस नाना काय बोलत होते?" मी सांगू लागलो. आमचे स्टेशन केव्हा मागे गेले, ते दोघांनाही कळले नाही.

या दिवाळीला दादा नाशिकला येतो आहे. खुर्ची आम्ही हलवलेली नाही.