नळीतून जाणारी नावं

संगणकाला मराठी येत नाही. तशी इंग्रजीही येत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे माणसांनी आपापसात ठरवलेलं असतं. एकच प्रोग्रॅम एकटा काम करत असेल तोवर हे आठवायची फारशी गरज पडत नाही. पण एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाताशी धरलं, "एवढं करून दे रे" म्हटलं, की पंचाईत सुरू होते.

दोघांच्या मध्ये असते एक नळी. तिला पाइप म्हणतात. कल्पना डग मॅकिलरॉय यांची आणि १९७३ साली युनिक्समध्ये ती प्रत्यक्ष बसवली केन थॉम्प्सन यांनी. या नळीतून ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट, एकामागोमाग एक जातात. सोबत चिठ्ठी नसते. कोणत्या तक्त्याने वाचायचं ते नळी सांगत नाही, घेणारा आपल्या समजुतीने वाचतो.

'मराठी' हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले १५. त्यातला म म्हणजे २२४, १६४, १७४. हेच आकडे पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या विंडोज-१२५२ या तक्त्याने वाचले, तर दिसतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं एक चिन्ह, मग वर्तुळातला आर. र च्या शेवटी तापमानाच्या अंशाचं चिन्ह येतं. कान्याच्या शेवटी चक्क पाऊण! ठ चा शेवटचा बाइट म्हणजे नुसती मोकळी जागा. आणि दीर्घ वेलांटीत येन आणि युरो शेजारीशेजारी बसलेले.

हसू येतं खरं, पण यादी आपल्या माणसांची असली की येत नाही.

आमच्या कुलवृत्तांताचं काम चालू आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. नावं अकारविल्हे लावायला एक छोटा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्याकडून काम करून घेणारा दुसरा, पायथनमधला. माझ्या घरच्या लिनक्सवर दोघांचं छान जमतं. छापखान्यातल्या विंडोजवर मात्र दुसरा प्रोग्रॅम थांबला. तक्रार एका बाइटबद्दल होती: १४१. कितव्या जागेवर तेही त्याने सांगितलं होतं. मोजत गेल्यावर पोचलो पणजीच्या माहेरच्या नावावर. द्वारका.

गंमत अशी की त्याआधीची आनंदी, काशी, गंगा, जानकी ही नावं त्या परक्या तक्त्यात बसून जातात. चुकीची, पण बसतात. 'द्वा'मधला द चा पाय मोडणारं जे चिन्ह आहे, त्याचा शेवटचा बाइट १४१, आणि विंडोज-१२५२ मध्ये ती जागाच रिकामी आहे. जोडाक्षर अडलं म्हणून बाकीच्या बायका वाचल्या!

छापखान्यातल्या एकाने सुचवलं, "जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायला सांगा, पुढे जाईल." पायथनमध्ये तशी सोय आहेच. मी नको म्हटलं. अक्षरांचा नुसता गचका झाला असेल तर तो बहुधा उलटा फिरवता येतो. त्याच तक्त्याने परत आकडे करायचे आणि योग्य तक्त्याने वाचायचे. प्रश्नचिन्हाचं तसं नाही. 'मराठी' लिहिताना ५ प्रश्नचिन्हं झाली, की उरतो ६३ हा आकडा ५ वेळा. त्यातून आनंदी होती की जानकी, कुणालाही काढता येणार नाही. पणजीचं माहेरचं नाव आत्याने एका पत्रात लिहिलं होतं म्हणून आम्हाला कळलं. आता आत्याही नाही. जुन्या कुलवृत्तांतांमधून बायकांची नावं माणसांनीच गाळली, निदान यंत्राने तरी गाळू नयेत.

उपाय तसा एका ओळीचा. पायथन ३.६ पासून (२०१६) दुसऱ्या प्रोग्रॅमला बोलावतानाच एन्कोडिंग सांगता येतं. बोलणाऱ्यानेही यूटीएफ-८ मध्येच बोलायला हवं, आणि ३.७ पासून (२०१८) पायथनपुरतं ते एका सेटिंगने होतं. शिवाय पडद्यावर नीट दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. विंडोजवर ३.६ पासून पायथन पडद्याशी यूनिकोडमध्ये बोलतो, पण काही सांगितलं नसेल तर नळीत शिरताना जुनाच तक्ता उघडू शकतो.

आणि हे यूटीएफ-८ तरी कुणाचं? १९९२ साली रॉब पाइक यांच्याबरोबर ते रचलं केन थॉम्प्सन यांनीच. नळी बसवणाऱ्यानेच पुढे त्यातून काय वाहावं तेही सुचवलं, फक्त मधे १९ वर्षं गेली.

तर मंडळी, कच्ची प्रत लवकरच घरोघरी येईल. जिथे नाव आम्हाला मिळालंच नाही तिथे कोरी जागा सोडली आहे, आठवलं तर पेन्सिलीने भरा. प्रश्नचिन्ह मात्र आम्ही कुठेही टाकलेलं नाही. एखादं दिसलंच, तर त्याच दिवशी फोन करा.