गाडीतला आवाज

गाडीत बसविण्याच्या स्टिरिओच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर, लग्नाच्या स्थळाने कळविलेल्या पगारावर ठेवावा तितकाच विश्वास ठेवावा. "दीदी, पचास इन्टू चार है," असे इंदुरातला दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगतो. हे ५० वॅट क्षणभराच्या उसळीचे. सलग आणि स्वच्छ निघणारा जोर बहुधा १५ ते २० वॅटच असतो, आणि लहान गाडीला तो पुष्कळ होतो.

आमची गाडी २०१२ सालची मारुती ८००. खर्चाची मर्यादा स्पीकरांसह ५,००० रुपये. मला त्यातून हवा होता तो वडिलांचा आवाज. त्यांनी १९८८ साली साठ मिनिटांच्या चार कॅसेटींवर घराण्याच्या आठवणी बोलून ठेवल्या आहेत. पणजोबा साताऱ्याकडून होळकरांच्या राज्यात कसे आले, वाडा कसा उभा राहिला आणि कसा विकला गेला, असे सारे. त्या आता पेनड्राइव्हवर उतरविल्या आहेत. पण घरी ऐकायला सवड कोणास? दर रविवारी देवासला मावशीकडे जाताना मात्र आई आणि माझी लेक तासभर गाडीत एकत्र असतात. लेकीचे मराठी स्वयंपाकघरापुरते उरले आहे.

अशा ऐकण्याला रंगीत पडदा काय कामाचा? मी पेनड्राइव्ह घरूनच नेला आणि एकच परीक्षा घेतली: निवेदन अर्ध्यावर असताना वीज बंद करून पुन्हा सुरू करायची. तीनांपैकी दोन यंत्रे पहिल्या फाइलीच्या आरंभाशी जाऊन बसली. गाण्याला ते चालते. अर्ध्या तासाच्या कथनाला नाही. तिसरे थांबल्या शब्दापासून पुढे गेले. त्याला आवाजासाठी फिरविण्याचे बटणही होते, म्हणजे रस्त्यावरची नजर हलवायला नको. देवनागरी नावे मात्र त्याच्या पडद्यावर चौकोन होऊन उमटत. फाइलींना आकडे दिले.

बसविताना एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्यावी. लाल तार किल्लीबरोबर जिवंत होते. पिवळी कायम बॅटरीशी असते आणि यंत्राची स्मृती राखते. घाईतला कारागीर दोन्ही एकत्र पिळून किल्लीच्या तारेला लावतो. मग थांबलेली जागा यंत्राला आठवायची कशी? शिवाय गाडीच्या मूळ तारा कापू देऊ नयेत; जोडणीचा तयार कपलर फार महाग नसतो.

पडद्याचे वाचलेले पैसे पुढच्या स्पीकरांच्या जोडीवर घातले आणि बास उतरविला, कारण बोलणाऱ्या माणसाचे शब्द बासमध्ये बुडतात.

पहिल्याच रविवारी आईने आवाज कमी करायला सांगितले. "हे कधी इतक्या मोठ्याने बोलत नसत," म्हणाली. लेकीने बटण फिरविले आणि विचारले, "आजी, सनद म्हणजे काय?"