ज्यांनी जवळून पाहिलं

ओक्लाहोमात मे सरत आला की गहू पिवळा पडतो. एल रिनो गावाच्या दक्षिणेला ही शेतं क्षितिजापर्यंत गेलेली आहेत, आणि त्यांच्यामधून एकमेकांना काटकोनात छेदत जाणारे सरळसोट रस्ते. ३१ मे २०१३ च्या संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर त्यांपैकी रॉयटर रोड नावाच्या रस्त्यावरून एक पांढरी लहानशी मोटार पूर्वेकडे निघाली होती. आत तिघे होते. टिम सॅमरस, वय ५५. त्यांचा मुलगा पॉल, वय २४. आणि सहकारी कार्ल यंग, वय ४५. उजव्या हाताला, दक्षिणेकडे, आभाळ जमिनीला टेकलं होतं.

चित्रांत दिसते तशी ती निमुळती सोंड नव्हती. पावसाच्या पडद्याआड दडलेला, काळपट, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते न कळणारा असा तो टोर्नेडो होता. काही मिनिटांत त्याची रुंदी ४.२ किलोमीटरवर गेली. इतका रुंद टोर्नेडो त्याआधी कधी मोजला गेला नव्हता. आधी तो आग्नेयेकडे सरकत होता. मग तो ईशान्येकडे वळला आणि त्याचा वेग वाढला. त्याच्या पोटात आणखी लहान भोवरे होते, मोठ्या भोवऱ्याभोवती त्याच्याहूनही वेगाने फिरणारे. त्यांतल्या एकाने मोटार गाठली.

त्या शेवटच्या मिनिटांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मोटार कुठे होती, भोवरा कुठे होता, याचे नकाशे आहेत. मला त्या मिनिटांपाशी थांबवत नाही. टोर्नेडोचा अभ्यास करता करता टोर्नेडोनेच नेलेले हे पहिले संशोधक मानले जातात. ते तिथे का होते, एवढंच मला धरून ठेवायचं आहे. वादळांचा पाठलाग करणारी माणसं म्हटलं की लोकांना आठवतो तो थरार, ओरडाआरडा, हलणारा कॅमेरा. हे तिघे त्यासाठी गेले नव्हते.

टिम सॅमरसांकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. लहानपणी घरातली यंत्रं उघडून पाहणारा मुलगा, पुढे हौशी रेडिओचा नाद, आणि मग स्फोटांच्या चाचण्यांत मोजमापाची उपकरणं बनवण्याची नोकरी. क्षणाच्या लहानशा तुकड्यात होऊन जाणारी गोष्ट कशी पकडायची, हे त्यांचे हात शिकले होते. सहा वर्षांचे असताना त्यांनी ‘द विझर्ड ऑफ ओझ’ हा चित्रपट पाहिला आणि त्यातल्या टोर्नेडोने त्यांना जे धरलं ते कायमचं. त्या लहान मुलाचं वेड मोठ्या माणसात तसंच राहिलं, फक्त त्याला काम सापडलं.

काम असं होतं. टोर्नेडो वादळी ढगातून जन्मतो. चैत्र-वैशाखात आपल्या माळावर उठणारी वावटळ नुसत्या तापलेल्या जमिनीतून वर चढते, हा वेगळा. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट उबदार हवा येते, पश्चिमेच्या डोंगराळ मुलखाकडून कोरडी, आणि त्या दोन्हींच्या वर, खूप उंचावर, जोरकस वारे वेगळ्याच दिशेने वाहत असतात. खालचा आणि वरचा वारा असे निरनिराळे वाहू लागले की मधली हवा आडवी लोळू लागते. वर चढणारा उबदार झोत त्या आडव्या लोळणाऱ्या हवेला उभं करतो आणि अख्खा ढग फिरू लागतो. इथवरचं समजलं आहे. पण असे फिरते ढग कितीतरी येतात आणि न दुखवता निघून जातात, मग एखाद्यातूनच टोर्नेडो का उतरतो, हे अजून नीट सांगता येत नाही. त्यात रडारची अडचण अशी की अंतर वाढत जाईल तसा त्याचा झोत जमिनीपासून उंच जातो. घरं मोडतात ती मात्र तळच्या काही मीटरांत, नेमकी त्याच्या नजरेखाली. तिथे काय चाललं आहे हे कळायला कुणीतरी तिथे जायला हवं होतं. निदान काहीतरी तिथे ठेवून यायला हवं होतं.

सॅमरसांनी ठेवायची ती वस्तू बनवली. वीसेक किलो वजनाची, वीतभराहून कमी उंचीची, रुंद बसक्या शंकूची. जितका वारा जोराचा, तितकी ती जमिनीला घट्ट बिलगून राहावी असा तिचा आकार. तिला ते कासव म्हणत. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीला चिकटून बसलेलं दगडी कासव असतं, तसंच तेही आत काय आहे त्याकडे तोंड करून बसायचं. फक्त त्याला पोचवायला माणसाला टोर्नेडोच्या वाटेवर, त्याच्या पुढ्यात, जावं लागे. मोटार थांबवायची, उतरायचं, कासव रस्त्याच्या कडेला ठेवायचं, आणि निघायचं.

२४ जून २००३ रोजी दक्षिण डकोटातल्या मँचेस्टर या इवल्याशा गावाजवळ त्यांनी कासव ठेवलं आणि टोर्नेडो बरोबर त्याच्यावरून गेला. हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद मिळाली. जमिनीवर उभ्या माणसाला काही क्षणांत आठ-नऊशे मीटर उंच नेऊन परत आणावं, इतका हा फरक. असा आकडा त्याआधी कुणाच्याही हाती आला नव्हता. मँचेस्टर त्या संध्याकाळी पुसलं गेलं आणि पुन्हा वसलं नाही. त्या गावाचं जे राहिलं त्यात हा आकडाही आहे.

टोर्नेडो आतून पाहून जगलेली माणसंही आहेत, पण बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला विल केलर हा कॅन्ससमधला शेतकरी माझ्या मनातून जात नाही. २२ जून १९२८ ची दुपार. ग्रीन्सबर्गजवळच्या आपल्या शेतात तो घरच्यांना घेऊन गारपिटीने आडवा झालेला गहू बघायला गेला होता. गारपिटीनंतरचं शेत बघायला जाणं म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तेवढ्यात नैर्ऋत्येला ढगातून सोंडा लोंबताना दिसल्या. सगळे धावत वादळासाठी खणलेल्या तळघराकडे आले. घरचे आत उतरले. केलरही दार ओढून घेणार होता, पण त्याने एकदा वळून पाहिलं आणि तो पाहतच राहिला.

सोंडेचं टोक जमिनीवरून थोडं उचललं गेलं आणि त्याच्या थेट डोक्यावर आलं. भोवतालचं सगळं एकाएकी थांबलं. उग्र वास आला, श्वास घेता येईना. त्याने मान वर केली. पन्नास-शंभर फूट व्यासाचं एक गोल तोंड, आणि आत सरळ वर गेलेली पोकळी, त्याच्या अंदाजाने अर्धा मैल. तिच्या भिंती फिरत्या ढगांच्या होत्या. विजा या भिंतीवरून त्या भिंतीवर नागमोडी धावत होत्या आणि त्यांच्या उजेडात ती पोकळी लख्ख दिसत होती. तोंडाच्या काठावर लहान लहान भोवरे जन्मत होते, सुटून जात होते, आणि त्यांचा फूत्कार कानात शिरत होता. मग तो टोर्नेडो पुढे सरकला आणि शेजाऱ्याच्या घरावर उतरला. केलरने हे सगळं नंतर हवामान खात्यातल्या एका माणसाला सांगितलं, आणि १९३० साली ते अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात छापून आलं. त्या शेतकऱ्याला स्वतःभोवती वलय निर्माण करायचं नव्हतं, घाबरवायचं नव्हतं. त्याने दिसलं ते दिसलं तसं सांगितलं. लहान भोवऱ्यांतले काही उलट फिरत होते, हेसुद्धा त्याने पाहून ठेवलं होतं. मृत्यू डोक्यावर असताना एवढं बारीक पाहणारे डोळे मला फार मोलाचे वाटतात.

एकोणऐंशी वर्षांनी, ४ मे २००७ च्या रात्री, त्याच ग्रीन्सबर्गवर टोर्नेडो आला आणि गाव जवळजवळ सगळं भुईसपाट झालं.

आणि तेत्सुया फुजिता. वादळांनी केलेल्या पडझडीवरून वाऱ्याचा जोर ठरवण्याची मोजपट्टी १९७१ साली ज्यांनी दिली, ते जपानी शास्त्रज्ञ. ऑगस्ट १९४५ मध्ये ते कोकुराजवळ शिकवत होते. दुसरा अणुबॉम्ब आधी कोकुरावर पडायचा होता, पण तिथे शहर दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे त्यांनी हिरोशिमा आणि नागासाकीला जाऊन कोसळलेल्या, आडव्या झालेल्या वस्तूंच्या दिशा वाचल्या, आणि मग अमेरिकेत आयुष्यभर तेच केलं. मोडलेल्यावरून मोडणाऱ्याला ओळखायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो पाहायला त्यांना १९८२ साल उजाडावं लागलं.

त्यांची मोजपट्टी सुधारून आजही वापरतात, आणि एल रिनोच्या बाबतीत ती मला फार लागते. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फिरत्या रडारने त्या संध्याकाळी ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा वारा टिपला. पृथ्वीवर मोजल्या गेलेल्या सर्वांत प्रचंड वाऱ्यांपैकी तो एक. तरीही सरकारी नोंदीत त्याची श्रेणी तीन आहे, पाच नाही. कारण श्रेणी ठरते ती पडझडीवरून, आणि वाटेत मोडण्याजोगं फारसं काही नव्हतंच. शेतं होती. अकरा दिवसांपूर्वी जवळच्याच मूर शहरात टोर्नेडोने चोवीस जण नेले होते, त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुलं. तो पाच श्रेणीचा. मोजपट्टीचं गणित मला मान्य आहे. शास्त्राला असंच काटेकोर राहावं लागतं. पण रॉयटर रोडवरची ती मोटार, तिच्यातली वर्षानुवर्षांची समज, कासवं घडवणारे ते हात, हे कुठल्याच पट्टीवर मोडलेल्या वस्तूंमध्ये मोजलं जात नाही.

पॉल, तुझ्याबद्दल थोडं तुझ्याशीच बोलावंसं वाटतं. बातम्यांत तू नेहमी ‘आणि त्यांचा मुलगा’ म्हणून येतोस. तू अबोल होतास असं तुला ओळखणारे सांगतात. चित्रीकरण तुझ्याकडे असायचं. कॅमेरा धरणारा माणूस चित्रात नसतो, आणि तुझ्या वाट्याला मेल्यावरही तेच आलं. मी एका मुलाची आई आहे. बाप ज्या वेडापायी घर सोडून वसंतभर मैदानात फिरतो, ते वेड नाकारणं मुलाला सोपं असतं. तू नाकारलं नाहीस. त्याच्या शेजारी बसलास आणि त्याला जे दिसत होतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून डोळा लावून राहिलास. तुझ्या चोवीस वर्षांचा हिशेब मला लावता येत नाही. तुझ्या आईचा नवरा आणि मुलगा एकाच संध्याकाळी गेले, या वाक्याच्या पुढे मला जाता येत नाही.

कार्ल यंग कॅलिफोर्नियातले, भूगर्भशास्त्र शिकवणारे. उन्हाळ्याच्या तोंडावर वर्ग संपवून ते सॅमरसांकडे यायचे. ढग पाहून तो पुढे काय करील हे सांगण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते म्हणतात. तरी एल रिनोच्या त्या ढगाने जे केलं ते कुणीच सांगू शकलं नसतं.

त्याच दुपारी टिम सॅमरसांनी समाजमाध्यमावर लिहिलं होतं की ओक्लाहोमासाठी आजचा दिवस धोक्याचा आहे, हवामानाकडे लक्ष ठेवा. त्यांचे जाहीर शब्द तिथेच संपतात. दुसऱ्यांना सावध करणारे शब्द. नंतर देशभरच्या वादळ-निरीक्षकांनी आपापली ठिकाणं नकाशावर अशी लावली की ठिपक्यांतून त्या तिघांची आद्याक्षरं मध्य अमेरिकेच्या मैदानावर उमटली. त्यांच्या क्षेत्रातली माणसं अशीच रडली, आपल्या कामाच्या साधनांनी.

सॅमरसांच्या देशात भोंगा वाजल्यापासून टोर्नेडो येईपर्यंत सहसा काही मिनिटं मिळतात. तळघरात उतरायला पुरतात. ही मिनिटं वाढावीत म्हणून त्यांचं सगळं चाललं होतं. आणि म्हणूनच मला त्यांचा शोक करताना आणखी एका संध्याकाळचा शोक करावासा वाटतो, जिथे एकही मिनिट नव्हतं.

बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातली दौलतपूर आणि साटुरिया ही ठिकाणं. २६ एप्रिल १९८९. कित्येक महिने पाऊस नव्हता, जमीन भेगाळली होती. रमजान चालू होता. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा आणि आपल्या भारताच्या पठाराकडून गेलेली तापली कोरडी हवा चैत्र-वैशाखात तिथे एकमेकींना भिडतात आणि कालबैसाखी, तिथलं उन्हाळी वादळ, उठते. लोकांना ती माहीत असते, ती पाऊस आणते म्हणून हवीशीही असते. त्या संध्याकाळी, उपवास सोडायच्या सुमारास, ढगातून टोर्नेडो उतरला. सुमारे १,३०० माणसं गेली. आजवरचा सर्वांत प्राणघातक टोर्नेडो म्हणून त्याची नोंद होते. घरं बांबूची, मातीची, पत्र्याची. सुटलेले पत्रे वाऱ्यात पात्यांसारखे फिरले. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली.

एल रिनोच्या मिनिटामिनिटाचा नकाशा आहे. साटुरियाचा आकडासुद्धा शेकड्यात धरलेला. तिथे कासव नव्हतं, फिरतं रडार नव्हतं, भोंगा नव्हता. वारा किती होता ते मोडलेल्यावरूनच अदमासायचं, आणि मोडायला पक्कं असं काही नव्हतंच. हा अन्याय आभाळाचा नाही. कुणाच्या दाराशी उपकरण पोचतं आणि कुणाच्या नाही, हे माणसांनी ठरवलेलं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

पण केलरसारखं मान वर करून पाहिलेलं कुणीतरी साटुरियालाही असणार. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आता पंचेचाळिशी ओलांडून गेली आहेत. ढग कोणत्या बाजूने आला, आवाज आधी आला की अंधार, वास आला का, कान दडपले का, पाऊस त्याच्या आधी होता की नंतर, पत्रे वर जाताना कोणत्या दिशेने फिरत होते, हे त्यांना अजून विचारता येईल. केलरने हे सांगितलं तेव्हा लिहून घेणारं कुणीतरी समोर बसलं होतं. ढाक्याहून साटुरिया दूर नाही. तिथल्या माणसांना बंगालीत, सावकाश, त्यांच्या ओसरीवर बसून हे विचारायला हवं, आणि ते सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहून घ्यायला हवं.