पोषण आहाराची भाजी

मंचरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवत होते. पोषण आहाराची वही बरीच वर्षं माझ्याकडे होती. १९९५ साली योजना आली तेव्हा शाळेत चूल नव्हती. हजेरी भरली की पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. घरात खाणारी तोंडं सहा-सात, त्यात पोराच्या वाट्याला किती येणार? २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच जेवण द्यायला सांगितलं, ते फार बरं झालं.

पहिली ते पाचवीच्या पोरामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे साठ पोरांना तीन किलो भाजी. तांदूळ सरकारी गोदामातला, डाळ-कडधान्य ठेकेदाराच्या गाडीतून. भाजी आणि जळण तेवढं आम्ही बघायचं. वाढण्याआधी चव घेऊन वहीत सही करायची, म्हणून सांगू शकते: रात्रभर भिजत घातलेली मटकीसुद्धा कधीकधी शिजायची नाही. पोरं ती ताटाच्या कडेला सारायची. सातगाव पठारावरचा नवा बटाटा खिचडीत पडला, की मात्र पातेलं खरवडायची.

आमच्या स्वयंपाकीण मावशी सकाळीच वाटेवरच्या शेतात थांबायच्या. "बाई, मेथी कवळी हाय, घेऊ का?" घ्या म्हणायचे. पण पैसे कुठले? अनुदान मागाहून यायचं, तोवर दुकानात आणि शेतकऱ्याकडे उधारी. शिवाय दर ठरलेला आणि बाजार रोज हलता. नारायणगावला टोमॅटो पडला, की ओळखीचे शेतकरी क्रेट शाळेच्या ओट्यावर ठेवून जायचे, पैशाचं नाव काढू द्यायचे नाहीत. भाव चढला की त्याच पातेल्यात चार टोमॅटो. याच तालुक्यांतून ट्रक भरभरून भाजी मुंबईला जाते आणि इथल्या पोरांच्या आमटीला रंग नसतो, हे मला कधीच पटलं नाही.

२०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण झालं. स्थानिक धान्य-भाजी वापरा, परसबाग करा, असं तिच्यात सांगितलेलं आहे. चांगलंच आहे. पण मग भाजीचे पैसे आगाऊ द्या, दर बाजाराप्रमाणे बदला, आणि डाळ-कडधान्यही गावच्या शेतकऱ्याकडून, बचत गटाकडून घ्यायची मुभा शाळेला द्या. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा, एवढं माझं सांगणं आहे.